फाईलच्या नावात चालत नाही

कॅनडा कॉर्नरला माझं दुकान, जिन्याखाली,
झेरॉक्सवाला आणि चष्मेवाला यांच्या मधे.
एप्रिलातल्या एका बुधवारी शैलजाताई गायधनी आल्या,
लॅपटॉप जुन्या सुती साडीत बांधलेला,
वर गाठ, डब्याला मारतात तशी.

म्हणाल्या, मेलची कंपनी बंद होतेय तीस तारखेला.
बहिणीचे मेल आहेत. नवीन येणार नाहीत आता.
तेवढे काढून द्या.

मी म्हटलं, एकगठ्ठा काढतो,
एकच फाईल होईल, दहा मिनिटांचं काम.
नको. एकेक वेगळा आला होता,
एकेक वेगळाच ठेवा.

दोनशे चौदा.
दर मेलला तीन क्लिक, आणि नाव.
नाव आपोआप पडतं, विषयाची जी ओळ असेल तेच.
पण बहिणीच्या सगळ्या ओळी प्रश्न:
कढीपत्ता जगला का?
गुडघा काय म्हणतो?
गंगेला पूर आला म्हणे, दुतोंड्या मारुती किती बुडाला?

आणि कॉम्प्युटर म्हणतो, चालत नाही.
फाईलच्या नावात प्रश्नचिन्ह चालत नाही.
तिरकी रेघ नाही, अवतरण नाही.
पूर्णविराम चालतात, हवे तेवढे.

मी एकेक चिन्ह खोडत गेलो.
कढीपत्ता जगला का
गुडघा काय म्हणतो
वाक्यं आता काही विचारत नव्हती,
नुसती उभी होती,
दार उघडल्यावर काय बोलायचं ते विसरलेल्या
पाहुण्यासारखी.

ताई स्टुलावर बसून बघत होत्या.
सासऱ्यांकडे वह्या होत्या, म्हणाल्या, पंचवटीत,
लांबट, लाल कापडाच्या, गाव-आडनावावर लावलेल्या.
लोक अस्थी घेऊन यायचे,
रामकुंडावरून परतले की ओल्या हातानं लिहायचे,
कोण आलं, कुणाचं घेऊन आलं, मुलं किती.
पावसाळा सरला की वह्या गच्चीवर उन्हात घालायच्या.
ते काम माझं.

कसर लागली तर?
नक्कल करायची. नावं राहायची,
अक्षर जायचं.

एकशे तीसनंतर सहा महिने कोरे.
भांडण, ताई म्हणाल्या. आईच्या पाटल्या.
मग एकदम पुढचा मेल:
पाटल्या तूच ठेव, नागलीच्या पापडाला खार किती?
चिन्ह काढलं. सेव्ह केलं.
किती घालायचा? मी विचारलं.
माझेही दरवेळी बिघडतात, म्हणाल्या.

शेवटी शेवटी सतरा मेल एकाच नावाचे.
झोपलीस का?
तिकडची सकाळ, इकडची रात्र.
कॉम्प्युटरनं आपणहून कंसात आकडे घातले,
एकीला दुसरीपासून ओळखता यावं म्हणून.

संध्याकाळी पाहिलं तर सगळ्या फायलींवर आजची तारीख.
दोन हजार नऊ काय नि एकोणीस काय,
सगळं याच बुधवारी माझ्या जिन्याखाली आलेलं.
मी घाईनं सांगितलं, आत खरी तारीख आहे,
उघडलं की दिसते.
असू दे हो. वहीतसुद्धा
माणूस नाशकात आल्याची तारीख असायची,
गेलेल्याची कुठे असायची.

मग ड्राफ्टमध्ये एक सापडला. ताईंचा.
जागी आहे.
एवढंच. विषय कोरा, पाठवलेला नाही.
हा घ्यायचा का?
चष्मा पुसून झाला, पुन्हा पुसला.
नाव काय पडेल त्याचं?
विषय नसला की 'विषय नाही' असंच पडतं.
पडू दे.

दोनशे पंधरा.
साडेतीनशे झाले, पेनड्राइव्ह धरून.
चारशे दिले, पन्नास परत घेतले नाहीत.
गाठ मारली, दोन पायऱ्या गेल्या, वळल्या.
याला मधूनमधून उन्हात घालावं लागतं का?

नाही म्हटलं.
शटर ओढता ओढता आठवलं,
न वापरता पडून राहिला तर हाही पुसट होतो.
फोन लावला.
ताई, वर्षातून एकदा उघडून बघत जा.
दसऱ्याच्या सुमाराला वगैरे.