शिमला ड्रायक्लीनर्स, परभणी

दुकानाला शिमला नाव दिलं ते एका कॅलेंडरवरून.
पेंटरला म्हणालो होतो, निळा डोंगर काढ, वर बर्फ.
त्यानं काढलं ते अजून लोकांना दह्याचं गाडगं वाटतं.
बत्तीस वर्षांत इथं आलेली सगळ्यात थंड वस्तू म्हणजे
समोरच्या रसवंतीवाल्याचा ओला टॉवेल.

मार्चात सोनकांबळेंची धम्मदीपा आली.
काउंटरवर पिशवी उलटी केली:
नारंगी जाकीट, गुडघ्यावर जाड असलेली पँट,
आणि हातमोज्यांची एक जोडी,
म्हशीच्या कानांएवढी.
गाठ सुटली तसा शेजारचा झेरॉक्सवाला हबीब
उठून रस्त्यावर जाऊन उभा राहिला.

"गुलमर्गला होते, काका. बर्फावरून पळायची स्पर्धा.
एकवीस दिवस हेच हातात.
आई घरात ठेवू देत नाही, मोरीच्या पत्र्यावर टाकलेत."
कितवी आलीस, विचारणार होतो.
उजव्या अंगठ्याला काळ्या दोऱ्याचे
घाईघाईचे टाके दिसले.
विचारलं, शनिवारी चालेल का.

वास ओळखणं हा आमचा धंदा.
लग्नातल्या शालूला अत्तर, वरण आणि रडणं
यांचा मिळून एकच वास येतो.
वकिलाच्या कोटाला तारखांचा.
हा निराळा होता:
आंबलेलं ज्वारीचं पीठ, भिजलेलं कुत्रं,
आणि मागं कुठं तरी
जिभेला टाचणी लागावी तसं काही.
ते बहुतेक तिकडचं असावं.

जाकीट-पँट सोपं होतं.
मोज्याच्या आत शिवणीला चिठ्ठी होती,
अक्षरं परकी, चित्रं ओळखीची.
बादलीत हात, म्हणजे हातानं धुवा.
पिळू नका. उन्हात नको.
आणि इस्त्रीवर फुली.
तीन पिढ्यांची कोळशाची इस्त्री आमच्या घरात,
तिच्यावर अशी फुली पाहून बरं नाही वाटलं.

नळ आठव्या दिवशी येतो. रांजणातलं पाणी काढलं,
कोमट केलं, रिठे कुस्करले.
अस्तर बाहेर ओढलं, एकेक बोट,
झोपलेल्या लेकराचं झबलं काढावं तसं.
पहिलं पाणी चहासारखं निघालं,
दुसरं पाहुण्यांना नको असताना करतात त्या चहासारखं.
तिसरं सोजरनं कढीपत्त्याला घातलं,
म्हणाली, "मेला तर तुमी जबाबदार."

खायचा सोडा भुरभुरला, रात्रभर ठेवला, झटकला.
बोटांत जुन्या पेपराचे बोळे कोंबले;
विद्यापीठात पारा पाचावर,
ही जानेवारीची बातमी एका करंगळीत गेली.
सावलीत दोरीला लटकवले
तर येणारा-जाणारा विचारू लागला,
"नागोराव, कोन्या राक्षसाचे हात तोडून आनले?"

शुक्रवारी रात्री दुकानात एकटाच होतो.
हुंगून पाहिलं. काही नाही. कोऱ्या वहीसारखं.
मग उजवा हातात घातला.
कामून घातला, सांगता येत नाही.
माझी पाच बोटं
पाच खोल्यांत एकेकटी जाऊन बसली.
डोळे मिटले. पाटीवरचं दही आठवलं.
थंड काही वाटलं नाही.
दहा मिनिटांत कोपरापर्यंत घाम.

शनिवारी ती आली. म्हणालो,
उजवा वाळला नाही गं, ऊनच पडलं नाही.
तिनं वर पाहिलं. मग मीही पाहिलं.
"परभणीत, काका?"

परत धुतला. परत रिठे, परत सोडा,
सोजर काही बोलली नाही, तेच जास्त होतं.

मंगळवारी तिनं डाव्यात नाक घातलं, हसली.
उजव्यात घातलं, थांबली.
"कोळशाचा वास येतोय."
म्हणालो, येतो थोडा.

पावतीबुकात रकाने आहेत:
शर्ट, पँट, साडी, शालू, कोट, ब्लँकेट, पडदा.
जाकीट कोटात लिहिलं, पँट पँटीत.
पडद्याच्या खाली जागा होती,
तिथं लिहिलं: हात, एक.
डाव्याचेच पैसे घेतले.