जयेंद्र (स्वयंगोल), ७१

गोलकीपरला बचावपटू पाठमोराच भेटतो.
म्हणून जुराँदिरचा चेहरा विचाराल
तर जरा थांबून आठवावा लागतो.
पाठ मात्र पाठ आहे:
निळ्या जर्सीवर मेडिकलच्या पांढऱ्या पट्टीचा तीन,
दुसऱ्या हाफपर्यंत घामानं
सुटत यायचा त्याचा खालचा अर्धा.

डिसेंबरात पहाटे चारला द्वारकेवर
लक्झरीतून उतरला, अर्ध्या बाह्यांच्या शर्टात.
ब्राझीलचा माणूस कुडकुडतोय
हे भडांगेशेठना फसवणुकीसारखं वाटलं.
पोस्टरं तर आधीच लागली होती जेल रोडभर.
मी माझा स्वेटर दिला.

लोक भिंतीवर चढून बसले गोलांसाठी.
तो नुसता उभा राहायचा, एका जागी,
आणि चेंडू तिथंच यायचा
बोलावणं गेल्यासारखा.
‘हा नाचवणार कधी?’ हसन कोकणीचे वडील
दर रविवारी विचारत.
नाव कुणाच्याच जिभेवर बसेना,
म्हणून जयेंद्र.

एकदा मिसळीच्या टेबलावर त्यानं
सगळी कारकीर्द मांडून दाखवली.
पावाचा तुकडा म्हणजे गाव, बाप कॉफी वाळवायचा.
कांदा, दुसऱ्या श्रेणीतला क्लब, सहा वर्षं.
लिंबाची फोड पोर्तुगाल:
अकरा महिने खेळला, पगार पाचाचा.
मग चमचा उचलून गुडघ्यावरून फिरवला, उभा,
जिथं टाके होते.
शेव म्हणजे गोवा. तो क्लब बुडाला,
तेव्हा शेव त्यानं खाऊन टाकली.

‘गोल किती?’ वाल्मीक धात्रकनं बोटांनी विचारलं.
त्यानं चार बोटं दाखवली,
विचार करून एक दुमडलं.
न झालेले गोल विचारायला
आमच्याकडं खूण नव्हती.

मराठी शब्द दोनच शिकला. माझा. तुझा.
उंच चेंडू आला की ‘माझा!’,
एकलहऱ्याच्या धुराड्यापर्यंत पोचेल असा.
आणि मला शिकवताना
बोट आधी स्वतःच्या गळ्यावर ठेवायचा,
मग माझ्या हातमोज्यांवर.
आधी हा. मग हे.

फायनलला, एकाहत्तराव्या मिनिटाला, कॉर्नर आला
आणि चेंडू माझा होता.
दोन पावलं पुढं आलोही होतो.
शब्द आला नाही.
पुढं कैक वर्षं मी सांगत राहिलो
की नेमकी तेव्हाच देवळालीला तोफ उडाली.
उडाली नव्हती. रविवार होता.
तो मागं सरकत, माझा आवाज ऐकायला
किंचित मान वळवून,
शेवटी स्वतःच उडाला,
आणि चेंडू त्याच्या कानशिलाला लागून
माझ्या काखेजवळून आत गेला.

दहा जण वळले. भिंतीवरचे उठून उभे राहिले.
माझ्याकडं बघायच्या आधीच
त्यानं हात वर केला होता.
‘माझा,’ तो म्हणाला.

चूक स्त्रीलिंगी असते
हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पेपरात पान सात,
द्राक्षांच्या भावाखाली दोन ओळी,
त्यात कंसासकट त्याचं नाव, म्हणजे आम्ही ठेवलेलं.
नाशिकात त्याची लेखी नोंद एवढीच.
शेठनी पैसे अर्धे कापले.
त्यानं मोजले नाहीत, मोजे काढून त्यात घातले.

रात्री द्वारकेवर सोडायला मीच गेलो,
बेदाण्यांचा पुडा घेऊन.
गाडी उशिरा होती, वेळ भरपूर होता,
तरी ती फाट्यावर दिसल्यावरच मला कंठ फुटला.
‘माझी,’ मी म्हणालो, ‘ती माझी होती.’

तो हसला. मान हलवली.
गळ्यावर बोट ठेवून त्यानं मला दुरुस्त केलं:
‘माझा.’
आणि बॅग खांद्याला लावून पायऱ्या चढला,
पाठीवर माझा तो स्वेटर,
नंबर नसलेला.