चवली

सदतीस वर्षं नोटांच्या छापखान्यात काढली.
शीट हातात आली की डोळा आधी चूक शोधायचा:
शाई फुटली का, आकडा घसरला का,
कडेचा रंग अर्ध्या केसानं सरकला का.
चुकीच्या शीटवर लाल खूण, ती वेगळ्या गठ्ठ्यात.
पुढं तिचं काय होतं, आम्ही विचारत नसू.

निवृत्तीनंतर बोटांना काही सुधरेना.
कुमुद म्हणाली, एक लहानसं कुत्रं आणू.
लहान म्हणजे केवढं?
तिसरा मजला, लिफ्ट नाही,
माझ्या काखेत मावेल एवढं.

मग महिनाभर नुसतं बघणं.
पग नको, डॉक्टर लोखंडवाला म्हणाले,
एप्रिलात जेलरोडला माणसाला धाप लागते,
त्या चपट्या नाकानं श्वास घ्यायचा कुठून?
ल्हासाचे केस रोज विंचरायचे,
आणि कुमुदचा खांदा दुखतो.
खालच्या गवांदेंनी फुकट सल्ला दिला,
कागद बघून घ्या, आईबाप बघून घ्या.
कागद बघण्यातच माझा जन्म गेला.

सिन्नर फाट्यापुढं, पत्र्याच्या शेडमागं
पॉमेरेनियनची पाच पिल्लं,
कापूस पिंजून ठेवावा तशी.
चार अंगावर धावली.
पाचवं दर सात-आठ पावलांनी
मागचा डावा पाय वर घेऊन एक उडी मारायचं,
लंगडी खेळतंय जणू.
"खेळकर आहे," पठाडे म्हणाले.
माझा डोळा तिथंच अडकला.
"हिचं थोडं कमी करू," ते हळूच म्हणाले.
आईबाप दाखवा म्हटलं, तर आई तेवढी दाखवली,
खाटेखाली, भिंतीकडं तोंड करून निजलेली.

खिशात लाल पेन्सिल नव्हती.
कुमुदनं पदर पसरला.

गुडघ्याची वाटी सरकते, डॉक्टर म्हणाले,
लहान जातींत असतं. वजन वाढू देऊ नका,
उड्या मारू देऊ नका, गुळगुळीत फरशी वाईट.
म्हणून दारापासून मोरीपर्यंत सतरंज्या,
सोफ्याला विटांच्या दोन पायऱ्या,
वर गोणपाट शिवलेलं. पाहुणे अडखळतात.
दर रविवारी पिठाच्या काट्यावर ती बसते
भाव विचारायला आलेल्या बाईसारखी:
दोन किलो नऊशे.
नाव चवली ठेवलं.
नोटा छापणाऱ्याच्या घरात शेवटी चिल्लरच,
असं गवांदे जिन्यात सगळ्यांना सांगतात.
डिसेंबरात निफाडकडून गारठा सुटला
तेव्हा माझ्या मफलरचा तिला कोट झाला.
माझा गळा उघडा. विचारतंय कोण.

एकच गोष्ट नाशिकात अवघड.
द्राक्ष कुत्र्याला विष. एक मणी नको, बेदाणा नको,
डॉक्टरांनी कागदावर लिहून खाली दोन रेघा मारल्या.
आणि कुमुदचा भाऊ दिंडोरीचा.
फेब्रुवारी लागला की क्रेट खांद्यावर, दारात हजर.
ऐकून हसला,
"अगं, आमच्या बागेत कोल्हे खातात की!"
"आणि मेले की तुला कळवायला येतात का?"
कुमुदनं क्रेट उंबऱ्याबाहेरच ठेवून घेतला.

तेव्हापासून जेवणं झाली की आम्ही दोघं
दार लावून जिन्यात बसतो,
मध्ये स्टीलची परात.
मी आधी घडाचे मणी मोजतो,
अंगठा ओला न करता, सवयीनं.
दाराच्या फटीखाली काळं ओलं नाक
सगळ्याचा वास नोंदवून ठेवतं.
खाल्लेले मोजायचे, उरलेले मोजायचे,
बेरीज जुळली की आत जायचं.

काल त्रेसष्ट होते. बेरीज बासष्ट आली.
टॉर्च लावून पायऱ्या तपासल्या दुसऱ्या मजल्यापर्यंत,
गवांदेंच्या चपला उलट्या करून पाहिल्या,
कठड्याच्या कोपऱ्यात बोट घातलं, कोळिष्टक निघालं.
वर येऊन पुन्हा मोजले. बासष्ट.
आत चवली दार खरवडत होती.
कुमुद काही बोलेना.
तिचा एक गाल फुगला होता.