शेरा

ढिगारा क्रमांक सात. इथे खाली कोळसा होता,
कोळशावर येसेनोव्ह नावाचं गाव.
आधी गाव काढलं, मग कोळसा,
मग उरलेली राखाडी चिकणमाती परत आणून ओतली
आणि ओळीने अल्डरची रोपं लावली.
तेवीस वर्षं झाली. लांबून बघाल तर रान आहे.

लांबून बघणं माझं काम नाही.
मी दह्याचे कप पुरते, काठ जमिनीला जुळवून,
वर पत्र्याचा तुकडा, पावसापुरता.
रात्री जो चालत जाईल तो पडेल.
झाडं खाण कंपनीने लावली.
आपल्या पायांनी कोण आलं, एवढंच मला विचारायचं असतं.

पहिल्या वहीत नुसते कोळी आहेत,
वाऱ्याने आणून टाकलेले, उपाशी.
मग पानांखाली शेपटीची कमान सोडून उडणारे
मिठाच्या कणाएवढे पांढरे जीव.
अकराव्या वर्षी वाणी, बोट लागताच वेटोळं.
गांडुळाच्या रकान्यात मात्र शून्य. शून्य. शून्य.
पलीकडच्या जुन्या जंगलातून ते निघालं असेल
तर वर्षाला चार-पाच पावलं,
तीही माझी.

ओल्डर्जिख माझ्यासाठी चौकोन खणतो. वय एकाहत्तर.
याच खाणीत यंत्र चालवायचा,
बापाचं घर त्यानेच पाडलं, शिफ्ट लागली होती म्हणून.
दर वेळी विचारतो, "आलं?"
मी मान हलवते. तो बूट झटकतो.

या सप्टेंबरात चौथ्या चौकोनात एक निघालं.
तांबडं, पिवळसर पट्ट्यांचं, तरतरीत.
ओल्डर्जिख माझ्याकडे बघत नव्हता.
हे जंगलातलं नव्हे. हे उकिरड्याचं,
कोबीच्या देठांवर, सशांच्या लेंड्यांवर पोसलेलं.
त्याच्या कोटाचा खिसा ओला होता,
शिवणीत अंड्याचं टरफल.

"जगेल इथे?"
"नाही. अजून पुरेसं कुजलेलं नाही काही."
फावड्याच्या दांड्यावर दोन्ही हात ठेवून
तो बराच वेळ उभा राहिला.
मग म्हणाला, "येसेनोव्हचंच आहे.
निघताना आईने परसातलं खत बादलीत भरून घेतलं होतं.
भांडी राहिली."

रकान्यात मी शून्यच लिहिलं. लिहावंच लागतं.
शेऱ्याच्या जागी: एक आढळलं.
चालत आलेलं नाही.
इथलंच.

गांडूळ परत त्याच्या खिशात गेलं, मूठभर मातीसकट.
खिशावर हात धरून तो उतार उतरला,
सांडू नये तसा.