परत जाऊ, असं कोण म्हणालं

नकाशावर स्नोडन. नेरिस मात्र तसं कधीच म्हणाली नाही.
'अर् विद्वा' म्हणायची, जीभ दातांत अलगद धरून,
आणि मला दर वेळी ऐकू यायचं : विधवा.
अर्थ सांगितला तेव्हा बँगरच्या नर्सेस हॉस्टेलात
ती इतकी हसली की वॉर्डन उठून आली.
'आमच्याकडे त्याचा अर्थ थडगं,' ती म्हणाली, 'एका राक्षसाचं.
तुमचं बरं. निदान बाई जिवंत आहे.'

एकोणऐंशीचा जून. मला येऊन जेमतेम दोन महिने.
रात्रपाळी संपवून निघालो, न झोपता.
भावाचे बूट तिनं मला दिले, दोन नंबर मोठे,
पुढे कापूस कोंबून. वॉर्डातलाच, निर्जंतुक.
तिच्या बापानं तीस वर्षं डोंगरातून पाटीचा दगड काढला,
छातीत तोच घेऊन गेला.
मी म्हटलं, माझी शाळेतली पाटी त्यांच्याच हातची असेल.
उगाच म्हटलं. तिला आवडलं.

मग क्रिब गोखची धार.
विळीच्या पात्यावरून मुंगीनं जावं
तशा आम्ही. हातांनी, गुडघ्यांनी, एकदा तर चक्क बसून.
दोन्हीकडे पांढरं धुकं,
खोली दिसत नव्हती, म्हणून मी शूर होते.

आणि धुकं फाटलं.
खूप खाली एक तळं, मोरचुदाच्या रंगाचं,
काठावर मेंढ्या की दगड, कळेना.
माझ्या पोटऱ्या थरथरायला लागल्या.
त्या क्षणी दोघींपैकी एकजण म्हणाली, परत जाऊ.

गेलो नाही. परतायलाही तीच धार होती.
वर पोचलो तर रेल्वेनं आलेली माणसं
कोरड्या बुटांनी सूपच्या रांगेत उभी.
दिसलं काहीच नाही. शिखरावरचं मला आठवतं ते एवढंच :
कापूस भिजून बुटात लगदा झाला होता,
आणि नेरिसनं आपले मोजे काढून मला दिले.

पुढे मी लेस्टरला. ती तिथेच.
दर नाताळला कार्ड, खाली एक ओळ :
'तूच म्हणालीस.'
दर दिवाळीला माझं पत्र : 'तू.'
मध्ये तिचा इड्वाल आला, माझा दिगंबर आला,
मुलं, गहाणखतं, तिची खुब्याची शस्त्रक्रिया,
ओळ कधी चुकली नाही.
दिगंबर गेला त्या वर्षी फक्त चुकली.
मी उलटटपाली लिहिलं, 'ओळ राहिली.'

गेल्या जूनमध्ये लानबेरिसला दोन तिकिटं काढली.
वरपर्यंतची, रेल्वेची. दोघींत एक काठी.
इंजिन धापा टाकत चढलं आणि क्लॉग्विनला थांबलं.
वर वारा फार आहे, गार्ड म्हणाला, पुढे जाणार नाही.
पैसे अर्धे परत मिळतील.
बाकीचे कुरकुरले. आम्ही डबे उघडले :
तिचा मनुकांचा ब्रेड, माझ्या बाकरवड्या.
वारा असा की बोललेलं शेजारच्याच्या कानात जायचं.

मी म्हटलं, नेरिस, तुझी विद्वा आता मला शोभते.
ती हसली नाही. माझ्या गुडघ्यावर हात ठेवला,
ढगात गेलेल्या टोकाकडे पाहत राहिली,
मग स्वतःशीच काहीतरी पुटपुटली. शेवटी एक शब्द : 'आद्रा.'

तो मी ऐकला होता. त्या धारेवर, धुकं फाटलं तेव्हा.
मला वाटलेलं ती पावसाचं बोलतेय,
आर्द्रा नक्षत्र लागलंय, हिला कसं ठाऊक?
चेचाळीस वर्षांनी विचारलं, आद्रा म्हणजे काय गं?

'घरी,' ती म्हणाली. 'घरी जाऊ या, म्हटलं.
गार झालंय.'

मी बाकरवडीचा डबा बंद केला.
बोलले काहीच नाही.
डिसेंबरात कार्ड येईल.
त्यावर ती ओळ मला हवी आहे.