झोपे, इ.

चोपड्याच्या स्टँडसमोर माझा फ्लेक्स लागला
तेव्हा बाहेर शेहेचाळीस होतं
आणि फोटोत मी स्वेटर घातलेली
(पालमपूरची परिषद, नऊ वर्षांपूर्वीची).
खाली: जागतिक क्रमवारीत झळकल्या
आमच्या डॉ. इंदुबाला झोपे.
त्याखाली संस्थेच्या संचालकांची गोल गोल तोंडं,
अकरा,
माझ्यापेक्षा जरा मोठी.

भाजीवाल्या रुखमाबाईनं विचारलं, मॅडम, कितवा नंबर?
म्हटलं, नववा.
ती म्हणाली, मंग पुढचे आठ कोन?

मलाही तेच बघायचं होतं. रात्री
यादी उघडली, तर माझ्या नावाखाली
दात निघाले.
दाताचं इनॅमल, दाताची मुळं, हिरड्यांची सूज,
एकशे सहा निबंध,
सगळे झोपे, इ. यांचे.
ईश्वर असेल कोणी, नाहीतर इरावती,
लांब कुठल्याशा दवाखान्यात रात्र रात्र जागणारं माणूस,
ज्याचं नाव दोन हजार तीनशे जणांनी घेतलं
आणि ते सगळं माझ्या ओटीत पडलं.

दातांच्या तळाशी माझे तीन:
एक कांदेबागाच्या कंदांवर,
एक हरण्या रोगावर,
आणि एक उनपदेवच्या मागच्या कड्यावरल्या
रानकेळीवर,
जिच्या फळात गर चिमूटभर
आणि बी काळंभोर, दाताखाली आलं तर दातच जाईल असं.
या शेवटच्याचं नाव आजवर तीनदा घेतलं गेलं.
एकदा मीच.
एकदा वैशालीनं, माझी विद्यार्थिनी;
लग्नात नाव घेताना पार अडखळली होती,
इथे पानाच्या तळाशी नीट घेतलं, वर्षासकट.
तिसरा कंपालाचा कोणी. त्यानं लिहिलं
की झोपे यांचं म्हणणं आमच्या झाडांना लागू पडत नाही.
ते वाक्य मला पाठ आहे.
एवढ्या लांबून माणूस भांडायला आला.

प्राचार्य म्हणाले, राहू द्या ना मॅडम,
समिती येतेय तेविसला,
तुम्ही कुठे चोरलंय, आपोआप आलंय.

आपोआप.
बावीस वर्षं मी दुसरं काय करते?
कुठलं पिल कोणत्या कंदाचं,
जेलवरच्या पट्ट्या जुळवून सांगते.
नर्सरीवाला लेकरांची शपथ घेतो
आणि मी म्हणते, दादा, हे खोड या घरचं नाही.

बागेतली केळ तशी स्वतःचंच नाव घेत वाढते,
आईची नक्कल, नकलेची नक्कल,
मध्ये बी नाही की वाद नाही,
आणि हरण्या आला की रावेरपासून
शिवारच्या शिवार एका सुरात पिवळं.

रानकेळ मला खुमसिंग बारेलानं दाखवली होती.
त्याच्या पायाला दगड लागला होता, रक्त येत होतं,
आणि तो मलाच म्हणत होता, सावकाश.
निबंधाच्या आभारात त्याचं नाव होतं;
छापणाऱ्यांनी खुशालसिंग केलं.
दुरुस्तीचं पत्र मी लिहीन लिहीन म्हटलं.

हे आठवलं तेव्हा पहाटेचे साडेतीन.
एकाच बैठकीत दोन पत्रं गेली.
एक: हे दात माझे नव्हेत.
दुसरं: तो खुमसिंग आहे. खु, म, सिं, ग.

पहिल्याचं उत्तर पंधरवड्यात आलं.
नवव्या जागेवरून मी खाली आले
ती कितव्यावर थांबले ते बघायला
यादीच तेवढी लांब नव्हती.
दुसऱ्याचं अजून यायचंय.

फ्लेक्स कोणी उतरवला ठाऊक नाही.
परवा यावल रस्त्याला, केळीवेफर्सच्या गाडीवर
उन्हाच्या अंगाला बांधलेला दिसला:
स्वेटर, अर्धा कान,
आणि 'क्रमवारीत झळ'.
पावशेर घेतले.
पोरगा म्हणाला, ताई, तुम्हाला कुठंतरी पाह्यलंय.
म्हटलं, असेल.
आणि तिथंच उभी राहून खाल्ले, कुरकुरीत, मिठाचे.
दात अजून बरे आहेत. माझे,
स्वतःचे.