कणकेचं माप

खानापूर रोडला, तिसऱ्या रेल्वे गेटाजवळ
गाडी थांबली आणि दुकानात अंधार झाला.
काळी. सव्वादोन टन.
इंजिन बंद केल्यावरही बॉनेटखाली
काहीतरी टिकटिकत राहिलं.

निपाणीचा प्रणिल शिंत्रे.
मोबाईल पुढं धरून म्हणाला, "अक्का, असली पाहिजेत.
बावीस इंची. टायर पातळ. चाक जरा बाहेर."
फोटोतल्या गाडीखालचा रस्ता
परातीसारखा. कुठल्या देशातला कोण जाणे.
"फिरवतोस कुठं?"
"गोव्याला की. चोर्ल्यातनं."
इराण्णा पाना पुसत होता.
हसला नाही,
पुसायचा तेवढा थांबला.

पाच बोल्ट, एकशेबाराचं वर्तुळ. जुळतंय.
उंचीत तीन मिलिमीटरचाही फरक नाही,
स्पीडोमीटर खोटं बोलणार नाही.
इथवर पोरगं खूश.
मग टायरच्या कुशीवरचा आकडा वाचला:
मूळच्यावर एकशे दहा, ह्याच्यावर एकशे सहा.
दिसायला चारच, पण चाकामागं एकशेदहा किलो गेले,
आणि घाटातल्या वळणावर सगळी माणसं, सगळं सामान
एकाच चाकावर येऊन बसतं.
"कंपनीवाले उगीच लिहितात, अक्का."
"असेल. तू वाचू नको.
मी वाचल्याशिवाय चढवत नाही."

ऑफसेट समजावणं अवघड.
आत किती, बाहेर किती,
हा हिशेब आमच्या गावात पाळण्यापासून ऐकतोय सगळे
आणि प्रत्येकाचा आकडा वेगळा.
म्हणून मी डबा उघडला.
दुपारच्या चपात्यांची कणीक.
गोळा केला, तेलाचं बोट लावलं,
फेंडरच्या ओठाखाली आतनं चिकटवला.
दाखवायला ठेवलेलं बावीस चढवलं,
शेजारच्या गॅरेजची चार दांडगी पोरं आत कोंबली.
"स्वल्प एडक्के," इराण्णा ओरडला, "इन्नू... साकु, साकु!"
पोरांनी गाडी खड्ड्यात गेल्यागत हलवली.

गोळा काढून उजेडात धरला.
टायरचे दात उमटलेले,
मध्यभागी पापुद्रा, पलीकडचं बोट दिसेल एवढा.
प्रणिलनं हातात घेतला.
बराच वेळ बोलला नाही.
मग नखानं जरा दाबला
आणि भोक पडलं.

वीसच ठरले.
दहा आऱ्यांचं डिझाइन, त्याच्या आवडीचं,
मूळच्यापेक्षा पाचच मिलिमीटर बाहेर.
"पाच कुणाला दिसणार?"
"तुला."

पण रिमचं मधलं भोक त्र्याहत्तर पॉइंट एक,
हब सहासष्ट पॉइंट सहा.
ती फट तशीच सोडली
तर शंभरच्या पुढं स्टिअरिंग हातात थरथरतं
आणि माणूस बॅलन्सिंगला शिव्या घालत बसतो.
उद्यमबागेत लुमाण्णा पावश्याकडं गेलो.
त्यानं पंपाचं काम बाजूला सारलं,
ॲल्युमिनियम चकात धरलं,
मायक्रोमीटर कानाशी नेला. खोटं नाही, कानाशी.
त्याला आकडे आता धूसर दिसतात,
रॅचेटची टिकटिक मात्र ऐकू येते.
कुरळे कीस पायाशी पडत गेले.
चार रिंगा, वर्तमानपत्रात गुंडाळून.

पहिली हबवर बसली
तेव्हा डब्याचं झाकण लागावं तसा आवाज झाला.
"आता हे कधीच दिसणार नाही?" प्रणिलनं विचारलं.
"नाही."
त्यानं इराण्णाला थांबवलं,
चाक चढायच्या आधी
रिंगेचा फोटो काढला.

शंभर किलोमीटरनं बोल्ट आवळायला ये, म्हटलं होतं.
दोन आठवडे झाले.
चोर्ल्याचा रस्ता बंद आहे म्हणतात.
कणकेचा तुकडा काउंटरवर वाळलाय,
दात तसेच आहेत.
इराण्णा रोज म्हणतो, टाकून दे.
टॉर्क पाना मी त्याच्याच शेजारी ठेवलाय.